व्याह्यांनी परत केलेला पेला

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि माझ्या धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं राहिलं होतं. ती चौतीस वर्षांची. मोठ्या मुलाचं कधीच झालेलं, आम्ही नवरा-बायको त्याच्याकडेच लंडनमध्ये हॅरोला राहतो. धाकटीचा विषय मी काढला की बायको म्हणायची, "तिला विचारू नका, ती सांगेल तेव्हा सांगेल." एका रविवारी जेवताना तिनं सांगितलं.

"बाबा, मी लग्न करते आहे. तो जर्मन आहे."

मी भाकरी मोडत होतो. मोडून झाल्यावर विचारलं, "वडील काय करतात?"

"अहो, आधी मुलाचं तरी विचारा," बायको म्हणाली.

पण माझं मत असं आहे की मुलगा आज एक नोकरी करतो, उद्या दुसरी धरतो. घर कळतं ते बापावरून. मुलगी म्हणाली, "ते मेयर होते. त्याच्या आधी टाउनचा सगळा फायनान्स त्यांच्याकडे होता. आता रिटायर्ड आहेत. त्याची आई नाही, खूप वर्षं झाली."

मेयर म्हटल्यावर मी पाणी प्यालो. इथला मेयर मला माहीत होता. वर्षभर गळ्यात सोन्याची साखळी घालायची, फिती कापायच्या, दिवाळीच्या कार्यक्रमाला येऊन पणती लावायची आणि पुढच्या वर्षी साखळी दुसऱ्याच्या गळ्यात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. इचलकरंजीच्या मागावरून उठून वॉटफर्डच्या छापखान्यात आलो आणि तिथंच मशीनवर पिकलो. माझे व्याही साखळीवाले होणार म्हटल्यावर मी इचलकरंजीला चुलतभावाला फोन लावला.

"आमचे व्याही महापौर आहेत," मी सांगितलं.

"कुठल्या पक्षाचे?" तो म्हणाला.

ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तिकडं तसलं नसतं."

लग्न जूनमध्ये ठरलं. लग्नानंतर दोघं जर्मनीलाच राहणार होती, जावयाची नोकरी तिकडं होती. हे मुलीनं शेवटी आणि घाईघाईत सांगितलं. त्या दिवसांत मी बागेतलं कुंपण दुरुस्त करायला घेतलं, चांगलं होतं तरी.

व्याही लग्नाच्या आठवडाभर आधी येणार होते. त्यांनी हॉटेल बघितलं होतं, पण बायकोनं ते मोडून काढलं. "आपल्या घरी खोली असताना सोयरा हॉटेलात झोपला तर मी मंडळात तोंड दाखवू का?" ती म्हणाली. मी मुलाला घेऊन स्टेशनवर गेलो. महापौर म्हणजे मागंपुढं दोन माणसं असणार, म्हणून मी कोट घातला होता आणि मुलाला गाडी पुसायला लावली होती. मेट्रोपॉलिटन लाइनच्या चार गाड्या आल्या आणि गेल्या, एकीतूनही महापौर उतरला नाही. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, घरी जाऊ. फोन करू."

घरी आलो तर स्वयंपाकघरात एक उंच, टक्कल पडलेला, बाह्या वर केलेला माणूस बायकोशेजारी बसून लसूण सोलत होता. पाठीवरची पिशवी दाराशी. व्याही स्टेशनच्या दुसऱ्या बाजूच्या दारानं बाहेर पडून, रस्ता विचारत विचारत चालत आले होते.

"आम्ही तुम्हाला घ्यायला आलो होतो," मी म्हटलं. कोट अजून अंगावर होता.

"कशाला?" ते म्हणाले. "चालण्यासारखं अंतर आहे."

बायको मराठीत म्हणाली, "बघा. याला म्हणतात मोठा माणूस. नाहीतर एक जण डॉक्टरकडे जायला टॅक्सी मागतो."

त्यांचं इंग्रजी पुस्तकातलं, माझं छापखान्यातलं. दोन्ही मिळून काम भागत होतं. पहिले दोन दिवस मी त्यांना मान देत होतो आणि ते माझ्याकडून थालीपीठ कसं थापायचं ते शिकायला बघत होते, जे मला येत नाही. तिसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, "तुम्ही कुठल्या पक्षाचे?"

"कुठल्याच नाही."

म्हणजे चुलतभावाला फोनवर मी खरं तेच सांगितलं होतं. तिथून आमचं जमलं.

सकाळी चहा घेऊन आम्ही मागच्या अंगणात बसायचो आणि ते त्यांची नोकरी सांगायचे. सोळाव्या वर्षी गावच्या नगरपालिकेत उमेदवार म्हणून लागले. पहिलं काम कुत्र्यांच्या कराचं. तिकडं कुत्रा पाळला की नगरपालिकेला कर द्यावा लागतो. लोक कुत्रा लपवायचे आणि हे दारावर जाऊन उभे राहायचे. "मी बेल वाजवायचो," ते म्हणाले, "बाई म्हणायची, आमच्याकडे कुत्रा नाही. आणि कुत्रा आतून भुंकायचा."

"मग?"

"मग मी थांबायचो. बाई माझ्याकडे बघायची, मी बाईकडे. शेवटी ती हसायची आणि पैसे आणायला आत जायची. न रागावता थांबायचं, एवढंच मी त्या नोकरीत शिकलो. पुढं सगळीकडे तेच उपयोगी पडलं."

कुत्र्यांच्या करावरून चढत चढत ते गावच्या तिजोरीचे कारभारी झाले. हा पगारी माणूस, निवडून आलेला नव्हे. महापौर म्हणणार पूल बांधू, यांनी सांगायचं पैसे नाहीत. महापौर म्हणणार जत्रा मोठी करू, यांनी सांगायचं छोटी करा. एका वर्षी पोहण्याचा तलाव बंद करायला यांनीच सांगितला, कारण पाणी गरम ठेवायला परवडत नव्हतं. लोक फलक घेऊन घरासमोर उभे राहिले. त्यात त्यांची सासू होती.

"फलकावर काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"माझं नाव. आणि त्याखाली एक शब्द, जो मी तुमच्या पत्नीसमोर सांगणार नाही."

बायको आतून म्हणाली, "सांगा, सांगा. मला जर्मन कुठं येतं?"

आणि मग हाच माणूस महापौरपदाला उभा राहिला. बाकीचे उमेदवार सभांमधून काय काय देणार ते सांगत होते. हे प्रत्येक सभेत जाऊन काय देता येणार नाही ते सांगत होते. लोकांनी यांनाच निवडून दिलं, आणि एकदा नव्हे, दोनदा. मी विचारलं, असं कसं झालं? ते म्हणाले, "मला अजून कळलेलं नाही. सासूनंही मत दिलं, असं ती सांगते."

महापौर झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी तलाव परत उघडला. पाणी थंडच. ज्याला पोहायचं त्यानं आधी भिंती रंगवायला यायचं. खोल पाण्याकडची बाजू त्यांनी स्वतः रंगवली. "तिजोरी सांभाळत होतो तेव्हा महापौराला नाही म्हणायला मी होतो," ते म्हणाले. "महापौर झाल्यावर मला नाही म्हणायला शहाणा माणूस मिळेना. मग मी रोज घरून निघताना आरशात बघून एकदा नाही म्हणून जायचो."

तिसऱ्या वेळी ते पडले. एका शाळेतल्या बाईंनी त्यांना हरवलं. आपण पडलो हे ते इतक्या आनंदानं सांगत होते की मला खोटं वाटलं. पण ते म्हणाले, दुसऱ्या दिवशी ते पासपोर्टच्या रांगेत उभे राहिले आणि कोणीही त्यांना पुढं बोलावलं नाही, तेव्हा इतकं हलकं वाटलं की रांग संपूच नये असं झालं.

मीही माझं ऐकवलं. छापताना लाल रंग लाल येत नव्हता म्हणून मी मशीन थांबवलं आणि मॅनेजर ओरडला तरी चालू केलं नाही, ते. रंग दुरुस्त झाल्यावरच चालू केलं. व्याह्यांनी मान डोलावली. त्यांना ते आवडलं हे मला दिसलं.

भेटवस्तूंचा त्यांचा नियम मला खरं तर हंसाच्या गोष्टीवरून कळायला हवा होता. एका शेतकऱ्याला गोठा बांधायची परवानगी मिळाली. ती नियमातच होती, यांनी काही विशेष केलं नव्हतं. पण तो खूश झाला आणि नाताळच्या आधी, तिकडं त्या सणाला हंस भाजून खातात म्हणून, त्यानं नगरपालिकेच्या दाराला जिवंत हंस बांधून ठेवला. परत न्यायला सांगितलं तर तो रागावला. ठेवून घेतला तर महापौरानं लाच खाल्ली. म्हणून यांनी हंस गावाच्या नावावर केला आणि बागेतल्या तळ्यात सोडून दिला. तो हंस काही लवकर मरेना. त्याच्या दाण्याचा खर्च विरोधक दर वर्षी सभेत काढायचे.

"कापून खाल्ला असता तर एकदाच बोलणं झालं असतं," बायको म्हणाली.

आम्ही खूप हसलो. मी त्यातून काही घेतलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी स्टॅनमोरच्या एका हॉलमध्ये सीमांतपूजन ठेवलं होतं. वराकडच्यांचं स्वागत करायचं, जावयाचे पाय धुवायचे, वरपित्याचा मान करायचा. आमचे भटजी एरवी आयटीमध्ये असतात, पण मंत्र स्वच्छ म्हणतात, आणि हल्ली ते कॉलरला माइक लावतात म्हणजे मागच्यांनाही ऐकू जातं. जावयाचे पाय मी धुतले. त्याला गुदगुल्या होत होत्या. मग मी व्याह्यांना शाल पांघरली. त्यांनी वाकून घेतली. नारळ दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मग मी डबी उघडली.

डबीत चांदीचा पेला होता. वेम्बलीच्या सराफाकडून मी स्वतः जाऊन, तीन वेळा परत पाठवून, पाहिजे तसा करून घेतलेला. जाड पत्र्याचा, काठाला नक्षी. आमच्याकडे वरपित्याला असाच देतात.

व्याह्यांनी पेला बघितला. सुंदर आहे म्हणाले. मग डबीचं झाकण लावलं आणि डबी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"हे मला घेता येणार नाही," ते म्हणाले. "क्षमा करा."

भटजींचा माइक चालू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

आता आमच्यात व्याह्यानं आहेर परत केला याचा अर्थ एकच होतो. सोयरीक नको. समोर आमची सगळी माणसं बसलेली, वॉटफर्डपासून आलेली. मी मराठीत म्हणालो, "मग उद्या कन्यादानाला मी बसणार नाही."

माइक अजून चालूच होता. आमच्याकडचे सगळे चूप झाले. जर्मनीहून आलेल्या मंडळींना वाटलं मी दोन शब्द बोललो, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरी अडचण पुढं होती. व्याही राहायला आमच्याकडेच. म्हणजे हॉलमधून घरी जायचं ते एकाच गाडीत. मुलगा गाडी चालवत होता, मी पुढं, मागं बायको, मुलगी आणि मधोमध व्याही, मांडीवर नारळ घेऊन. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, माझं लग्न आहे. तुमचं नाही."

"त्यांनी आहेर परत केला."

"त्यांनी मला नाही परत केलं."

"त्याचा अर्थ तोच असतो."

"कोणाला? त्यांना माहीतच नाही तो अर्थ." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्ही बसणार नसाल तर कोणीच बसणार नाही. दादा नाही, काका नाही. मी एकटी उभी राहीन. लोकांना सांगीन, वडील आहेत, घरी टीव्ही बघतात."

मुलीनं हे रडून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं सरळ सांगितलं. घरी आल्यावर ती वर गेली.

मी कपडे न बदलता पुढच्या खोलीत बसलो. संध्याकाळ झाली होती पण जूनमधला उजेड अजून तसाच होता. बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली. "इकडं या. दोघंही या. आणि रुसायचं असेल तर चहा पिऊन रुसा."

आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो. मध्ये तिनं डबी आणून ठेवली.

"कायदा आहे का तसा?" मी विचारलं.

"नाही," व्याही म्हणाले. "मी रिटायर झालो. तुम्ही तर माझे नातेवाईक. कायद्यानं मी तुमच्याकडून हत्तीसुद्धा घेऊ शकतो."

"मग?"

"आयुष्यभर हात पुढं केला नाही. आता तो पुढं होत नाही."

"माझी मुलगी घेताना होतो का?"

"ती तिची ती आली आहे," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याकडे मुलगी देतात, हे मुलानं मला सांगितलं आहे. मला तसं म्हणायचं नव्हतं."

बायको चहा ओतत होती. ती म्हणाली, "तुमच्या नगरपालिकेत असं काही आलं, की टाकून पण देता येत नाही आणि घेता पण येत नाही, तर काय करायचात तुम्ही? हंस सोडून."

"सभेला विचारायचो. सभा देणाऱ्याला एक प्रश्न विचारायची. उत्तर पटलं तर परवानगी द्यायची."

"आज सभा मी," बायको म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "प्रश्न काय?"

व्याह्यांना हसू आलं, पण त्यांनी कप खाली ठेवून नीट सांगितलं. "देणाऱ्याला माझ्याकडून काय हवं आहे?"

"सांगा हो," बायको मला म्हणाली. "काय हवं आहे तुम्हाला?"

"काही नको. रीत आहे, म्हणून दिलं."

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. कुत्र्यांच्या करासाठी दारात उभे राहायचे तेव्हा असेच बघत असणार. बराच वेळ बघितलं आणि मग मान डोलावली. "हे उत्तर चालेल," ते म्हणाले आणि त्यांनी डबीकडे हात नेला.

तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर सगळं मिटलं होतं. मला पाहिजे तसं मिटलं होतं. पण एरवी न वाकणारा हा माणूस माझ्या शब्दावर वाकत होता, आणि तो शब्द खरा नव्हता. मी कोणाला घाबरून खोटं बोलत नाही, तसं जिंकायला म्हणूनही बोलत नाही.

"थांबा," मी म्हटलं. "हवं आहे."

त्यांचा हात थांबला.

"ती तिकडं येणार. तुमची भाषा तिला येत नाही. तिथं तिचं माणूस कोणी नाही. उद्या दोघांचं भांडण झालं, तर तुम्ही मुलाची बाजू घेणार, कारण तो तुमचा आहे. ती घेऊ नका. तिची घ्या. एवढं हवं आहे."

बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. ती साखरेच्या डब्याचं झाकण लावत बसली.

व्याह्यांनी विचार केला. "मी दोघांचंही ऐकून घेईन," ते म्हणाले.

"ऐकून घेणं नको. बाजू घ्या."

"तिची चूक असली तरी?"

"तेव्हाच तर लागते."

"असं कायमचं आश्वासन मी कधी कोणाला दिलेलं नाही," ते म्हणाले. "एक वर्ष. मग फेरविचार."

"दहा वर्षं."

"दोन."

"पाच. आणि ती जर्मन नीट बोलायला लागेपर्यंत. जे उशिरा होईल ते."

"जे आधी होईल ते," ते म्हणाले.

"तीन वर्षं," बायको म्हणाली. "आणि नंतर परत बसायचं, आमच्याकडे, याच टेबलाला. सभा उठली."

"मला कोणी विचारलं का?" मुलीचा आवाज जिन्यावरून आला. ती किती वेळ तिथं बसली होती कोण जाणे. "आणि माझी चूक नसणार आहे."

"मान्य," व्याही म्हणाले. त्यांनी टेबलावरून हात पुढं केला आणि मी तो धरला. त्यांचा हात मोठा आहे, पण माझीही पकड छापखान्यातली आहे.

मग मी डबी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"आता तर मुळीच घेता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही माझ्याकडून काम करून घेतलं आहे. काम मी करीन. पेला घेतला तर ते पेल्यासाठी केलं असं होईल."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसलो नाही, कारण मला राग आला होता, आणि राग आला असतानाच मला हेही कळत होतं की माझ्या मुलीची बाजू घ्यायला मला याच्यापेक्षा बरा माणूस मिळाला नसता. पेला कपाटात गेला. अजून तिथंच आहे, फडक्यात गुंडाळलेला. बायको कधी कधी काढून पुसते.

उद्या मी कन्यादानाला बसणार की नाही, हे त्या संध्याकाळी मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एकदा माइकवर बोललेलं असं सहज मागं घेता येत नाही. मुलगी झोपायला जाताना माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. "गुड नाइट, बाबा," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "दार लावून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो, आंघोळ केली, नवा कोट घातला, मुलाच्या कोटाच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि कोणी बोलवायच्या आत जाऊन पुढच्या सीटवर बसलो.

थोड्या वेळानं मुलगा पायजम्यातच बाहेर आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "बाबा, मुहूर्त अकराचा आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. "ट्रॅफिक लागतं."